मेरी पॉपिन्सच्या टोपीवरची जाळी

संगणकीय चित्रणाचे संशोधक पॉल डेबेवेक यांनी ‘कॉरिडॉर क्रू’ या यूट्यूब चमूबरोबर २०२४मध्ये ६० वर्षांपूर्वीचं एक तंत्र नव्याने उभं केलं आणि डिस्नेचा ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) पुन्हा चर्चेत आला. या संगीतपटात डिक व्हॅन डाइक चितारलेल्या पेंग्विनांबरोबर नाचतो. ज्युली अँड्र्यूजच्या टोपीवरच्या तलम जाळीतून मागचं कार्टूनचं जग आरपार दिसतं. संगणकाची मदत नसताना ही जाळी जमली कशी?

सोडियमच्या वाफेचा दिवा आपला जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश ५८९ नॅनोमीटरपाशी एकवटतो. ज्योतीत मीठ टाकल्यावर दिसतो तोच हा पिवळा! नटांमागचा पांढरा पडदा या दिव्यांनी उजळत, आणि नटांवरच्या प्रकाशातून नेमका तेवढाच पिवळा गाळून टाकत. कॅमेऱ्यातला खास लोलक सोडियमचा प्रकाश कृष्णधवल फिल्मवर वळवी, बाकीचे रंग दुसऱ्या फिल्मवर. म्हणजे एकाच क्षणी रंगीत नट आणि त्यांची तंतोतंत छायाकृती, दोन्ही हाती येत. त्या छायाकृतीचा उपयोग रांगोळीच्या छापासारखा: नट जिथे नाहीत, तिथेच कार्टून उमटायचं.

जाळीचं कोडंही इथेच सुटतं. तिच्यातून जितका पिवळा प्रकाश येई, तितकंच कार्टून तिथे मिसळे. अंगात पिवळा कोट असला तरी बिघडत नसे. कापडाच्या पिवळ्यात तरंगलांबींचा रुंद पट्टा असतो; त्यातली एक बारीक रेघ वगळली तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. आज नटांमागे लावतात त्या हिरव्या पडद्यापुढे हिरवा सदरा घालून पाहा, म्हणजे फरक कळेल.

या युक्तीमागचा मेंदू अभियंते पेट्रो व्लाहोस यांचा. ‘बेन-हर’साठी (१९५९) निळ्या पडद्याचं तंत्रही त्यांनीच सुधारलं, आणि आजच्या हिरव्या पडद्याचं गणित त्यावरच उभं आहे. व्लाहोस, वॉड्सवर्थ पोल आणि मिकी माऊसला आकार देणारे अब आयवर्क्स यांना अकादमीने तांत्रिक पुरस्कारही दिला. तरी ‘मेरी पॉपिन्स’च्या जादूचं श्रेय लोक वॉल्ट डिस्नेंना देऊन मोकळे होतात, हे मला खटकतं.

तो लोलक बनवणं अवघड होतं, म्हणून स्वस्त निळे-हिरवे पडदे जिंकले. आज केसांच्या कडा सॉफ्टवेअर बरंचसं अंदाजाने ठरवतं, गालांवर सांडलेली हिरवी छटा मागाहून पुसावी लागते आणि त्यालाच आपण प्रगती म्हणतो. सोडियमची फिल्म त्या कडा चक्क मोजत होती. शाळेत वर्णपट शिकवताना हा पेंग्विनांचा नाच मुलांना दाखवाच. ५८९ हा आकडा त्यांना पाठ करावा लागणार नाही.