मिठाचं पाणी, बिनआगीची आच

भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसलेलं आहे. त्यामुळे तिथल्या मराठी घरात वरणासाठी ठेवलेलं आधण १०० नव्हे, साधारण ९८.३ अंश सेल्सिअसलाच उकळतं. मीठ टाकलं की पाणी जास्त तापतं आणि डाळ लवकर शिजते, अशी अनेकांची समजूत असते. पण लिटरभर पाण्यात चमचाभर, म्हणजे ६ ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू वाढतो जेमतेम ०.१ अंशाने. उंचीमुळे कमी झालेले पावणेदोन अंश भरून काढायला लिटरमागे जवळजवळ १०० ग्रॅम मीठ लागेल. समुद्राचं पाणीही इतकं खारट नसतं, त्याच्या तिप्पट झालं हे! वरणासाठी कुकरच बरा. दाबाखाली तो १२० अंशांपर्यंत जातो.

तरीही मिठाच्या पाण्याने जेवण गरम होतं, तेही शेगडी न पेटवता. अमेरिकी सैनिकांच्या तयार जेवणाबरोबर १९९० च्या दशकापासून एक चपटी पिशवी मिळते. तिच्यात मॅग्नेशियमची भुकटी, थोडं लोखंड आणि मीठ असतं. त्यात ३० मिलीलिटरच्या आसपास पाणी ओतलं, की बारा मिनिटांत सुमारे २३० ग्रॅम अन्नाचं तापमान ५५ अंशांनी वाढतं.

ही उष्णता मिठाची नाही, मॅग्नेशियमची आहे. पाण्याशी संयोग होताना १ ग्रॅम मॅग्नेशियममधून साधारण १४.५ किलोज्यूल उष्णता निघते. चुनकळीत पाणी घातल्यावर ग्रॅममागे जेवढी मिळते, तिच्या सुमारे बारापट! पण नुसत्या पाण्यात हा धातू जवळजवळ स्वस्थ राहतो, कारण त्याच्यावर लगेच हायड्रॉक्साइडचा पातळ थर धरतो. मिठातले क्लोराइड आयन तो थर फोडतात, खारं पाणी वीज वाहून नेतं आणि मॅग्नेशियम व लोखंड यांच्या कणाकणांत इवल्या विद्युत-घटांची साखळी तयार होते. मॅग्नेशियम झपाट्याने झिजतं आणि वाफ उसळते.

गंमत अशी, की एरवी हेच झिजणं अभियंत्यांची डोकेदुखी असतं. भोपाळच्या होशंगाबाद रोडवर १९८१ मध्ये सुरू झालेली, आज 'अ‍ॅम्प्री' म्हणून ओळखली जाणारी सीएसआयआरची प्रयोगशाळा हलक्या धातूंवर काम करते. अशा धातूंपासून वाहनांचे किंवा विमानांचे भाग घडवायचे, तर आधी गंजाशीच झुंजावं लागतं. लोखंडाचा अंश असलेलं मॅग्नेशियम खाऱ्या दमट हवेत टिकत नाही. म्हणून तो अंश कटाक्षाने कमी ठेवला जातो. पिशवीत मात्र तो मुद्दाम मिसळतात.

या क्रियेत हायड्रोजनही निघतो: २४ ग्रॅम मॅग्नेशियममागे सुमारे २४ लिटर. तो ज्वालाग्राही असल्याने बंद तंबूत किंवा पेटत्या ज्योतीजवळ ही पिशवी वापरणं धोक्याचं असतं. २००६ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने प्रवासी विमानाच्या संदर्भात तिच्या चाचण्या घेतल्या. पिशवीचं तापमान १०० अंशांवर गेलं आणि बाहेर पडणारा हायड्रोजन विमानात आगीचा धोका ठरू शकतो, असं त्यांत आढळलं. उरणारा पांढरा चिखल मात्र निरुपद्रवी असतो; तो मुख्यतः मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे औषधाच्या दुकानात 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' म्हणून मिळणाऱ्या पदार्थाचा.