लहान बश्यांचे भोजन

स्पेनमधील ग्रानादा शहरात मद्याच्या पेल्याबरोबर ‘तापा’ नावाच्या अल्पोपाहाराची बशी बहुधा विनामूल्य येते, आणि सान सेबास्तियानच्या काही मद्यगृहांत काडीला टोचलेले पिंचो उभ्याउभ्याच खाऊन, उरलेल्या काड्यांच्या हिशेबाने रक्कम चुकती करण्याचा रिवाज आहे. सहजता आणि सहभोजन हाच ज्या पद्धतीचा प्राण, तिच्या नावाने मुंबईतील एका उपाहारगृहाने किटलीतून सार ओतण्याचा थाट मांडला होता. परंतु ऑलिव्ह तेलात मंदाग्नीवर शिजलेल्या बटाट्यांमुळे जी आतून ओलसर राहावयास हवी, त्या तोर्तियाचा, म्हणजे स्पॅनिश ऑम्लेटचा, कोरडा तुकडा आम्हां चौघांच्या वाट्यास आला, याचे मनस्वी वाईट वाटले. साऱ्या बश्या एकदमच आल्याने निम्मे अन्न निवालेही. अशा ठिकाणी प्रथम दोनच पदार्थ मागवावेत आणि ते संपल्यावरच पुढील फर्मावावेत.