घरची दुसरी मोटार

पेट्रोलची मोटार सामान्य मनुष्याच्या दारी आणून उभी करण्याचे श्रेय ज्या हेन्री फोर्ड यांना दिले जाते, त्यांच्या स्वतःच्या घरी, ‘मॉडेल टी’चा कारखाना ऐन भरभराटीत असताना, त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड या १९१४ साली तयार झालेली ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ नावाची विजेची मोटार वापरीत असत, ही हकीकत वाहनांच्या इतिहासात बहुधा एक गंमत म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तीत गमतीपेक्षा व्यवहार अधिक होता. त्या काळच्या पेट्रोलच्या गाडीचे यंत्र दांडा फिरवून चालू करावे लागे, त्या दांड्याच्या उलट्या झटक्याने मनगटे मोडत, आणि धूर, वास व गिअर बदलण्याची दगदग यांना तर अंतच नसे. उलट विजेची गाडी निमूटपणे चालू लागे, आणि भेटीगाठी, खरेदी, प्रार्थनामंदिर एवढ्या गावातल्या गावातील कामांना तिचा पल्ला पुरून उरे. १९१२ पासून कॅडिलॅकच्या मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर येऊ लागला, त्याचे अनुकरण इतरांनी केले, शहरे जोडणारे पक्के रस्ते झाले, आणि विजेची मोटार मागे पडत गेली. तथापि रोजच्या फेऱ्यांची गाडी म्हणून त्या घरात तिने जे स्थान मिळविले होते ते तिच्या प्रकृतीला धरूनच होते. आणि आज पुण्यातील, नाशकातील वा नागपुरातील एखादे कुटुंब दुसरी मोटार घेण्याचा विचार करू लागते तेव्हा याच प्रकृतीचा विचार त्याने सर्वांआधी करणे इष्ट आहे.

घरात दुसरी मोटार येते ती सहसा हौसेपोटी येत नाही. पती एका दिशेला नोकरीस जातो, पत्नी दुसऱ्या दिशेला, मुलांच्या शिकवण्या तिसरीकडे, आणि वृद्ध आईवडिलांना महिन्यातून दोनदा तपासणीसाठी न्यावयाचे तर रिक्षाची वाट पाहत त्यांना उन्हात उभे करवत नाही, अशी ओढाताण वर्षानुवर्षे सोसल्यावर ती येते. कोल्हापूरचा वा कोकणचा प्रवास पहिल्या मोटारीकडेच राहतो; दुसरीच्या वाट्याला कोथरूडहून शिवाजीनगर, तेथून मंडई, बँक, दवाखाना आणि परत घर, अशा दिवसाकाठी २५ ते ३० किलोमीटरच्या तुटक फेऱ्या येतात. आणि नेमक्या याच फेऱ्यांत पेट्रोलचे इंजिन आपले अत्यंत निकृष्ट रूप दाखविते. थंड इंजिन योग्य उष्णतामानाला येईपर्यंत त्यास इंधन अधिक लागते, धुरातील विषारी वायू निवळविणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसे तापल्यावाचून आपले काम करीत नाही, आणि ही सर्व सामग्री कोठे तापते न तापते तोच गाडी मुक्कामी पोहोचून बंद होते. सिग्नलवर उभे असता जळणारे पेट्रोल आणि ब्रेक दाबताना चाकांतच विरून जाणारी गती हा तोटा त्याशिवाय.

विजेच्या मोटरचा स्वभाव याच्या अगदी विरुद्ध आहे. तिला तापण्याची गरज नाही. गाडी थांबली की वातानुकूलन आणि किरकोळ उपकरणे सोडल्यास तिचा खर्चही थांबतो. आणि वेग कमी करताना तीच मोटर जनित्र होऊन गतीचा काही अंश पुन्हा बॅटरीत जमा करते. हमरस्त्यावर मात्र हा लाभ राहत नाही, कारण तेथे ब्रेक क्वचितच दाबावा लागतो आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात बॅटरी भराभर रिती होऊ लागते. पेट्रोलची गाडी शहरापेक्षा हमरस्त्यावर काटकसरीने चालते आणि विजेची गाडी हमरस्त्यापेक्षा शहरात, एवढे लक्षात घेतले म्हणजे ज्या घरात दोन मोटारी असणारच आहेत, तेथे कामाची वाटणी कशी व्हावी हे निराळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे हा विचार अगदी नवा नाही. चेतन मैनी यांच्या प्रयत्नांतून बंगळूरला २००१ साली ‘रेवा’ ही दोन दारांची चिमुकली मोटार बाजारात आली. शिशाच्या जड बॅटऱ्यांवर ती एका भरणीत सुमारे ८० किलोमीटर जाई. ‘जी-विझ’ या नावाने ती लंडनमध्येही गेली आणि शहराच्या मध्यभागी शिरण्यासाठी मोटारींवर जो कर तेथे बसविला होता त्यातून विजेच्या गाड्यांना माफी असल्यामुळे काही काळ तेथील रस्त्यांवर ठळकपणे दिसू लागली. २०१० मध्ये महिंद्रांनी त्या उद्योगात बहुसंख्य भाग घेतला, आणि २०१३ मध्ये लिथियमच्या बॅटरीवर चालणारी ‘ई-टू-ओ’ काढली. या दोन्ही गाड्यांना भारतात बेताचेच गिऱ्हाईक मिळाले. पण पुढच्या पिढीसाठी वाट त्यांनी मोकळी केली. २०२२ मध्ये आलेली टाटांची ‘टियागो ईव्ही’ आणि २०२३ मध्ये आलेली, तीन मीटरहूनही किंचित कमी लांबीची एमजीची ‘कॉमेट’ या त्याच परंपरेतील, परंतु बॅटरी, सुरक्षितता आणि सोय या तिन्ही बाबतींत कितीतरी पुढे गेलेल्या गाड्या होत.

अशा गाडीविषयी घरोघरी पहिली शंका निघते ती पल्ल्याची. टियागोच्या २४ युनिट क्षमतेच्या बॅटरीचा पल्ला आरंभी ३१५ किलोमीटर जाहीर झाला होता, कॉमेटच्या १७.३ युनिटांच्या बॅटरीचा २३०. प्रयोगशाळेतील हे आकडे रस्त्यावर, वातानुकूलन चालू असता, पुष्कळच उतरतात, आणि टियागोकडून शहरात १८० ते २०० किलोमीटरांची अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे ठरते. पण दिवसाकाठी ३० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला एवढेही पाचसहा दिवस पुरते. वर्षातून दोनदा लांब जावे लागते एवढ्यासाठी मोठ्या बॅटरीची महाग गाडी घेणे म्हणजे कधीकाळी वऱ्हाड उतरेल म्हणून राहते घर मंगल कार्यालयाएवढे बांधण्यासारखे आहे. मोठी बॅटरी जड असते, आणि ते ओझे रोजच्या प्रत्येक फेरीत विनाकारण वाहावे लागते. वयपरत्वे बॅटरीची धारणशक्ती घटते हे खरेच, आणि विदर्भातला उन्हाळा तिला मानवत नाही हेही खरे; परंतु दोनशेचा पल्ला काही वर्षांनी दीडशेवर आला तरी तीसांच्या फेरीत त्याने काही बाधा येत नाही. टियागोच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आहे. ती मुदत संपल्यावरही अशी गाडी शहरातील कामास उपयोगी राहू शकते, आणि म्हणून कमी वापरलेली जुनी गाडी घेणाऱ्यालाही हा पर्याय विचारात घेता येतो.

पल्ल्यापेक्षा अवघड प्रश्न जागेचा आणि जोडणीचा. घरगुती १५ ॲम्पिअरच्या सॉकेटमधून साधारण तीन किलोवॉट वीज घेता येते. म्हणजे संपूर्ण रिती बॅटरी भरण्यास आठनऊ तास लागले तरी रोजची तूट दीड तासातच भरून निघते. परंतु हे सॉकेट भरवशाचे हवे. मीटरपासून पुरेशा जाडीची स्वतंत्र तार, निर्दोष अर्थिंग, एमसीबी आणि गळतीचा प्रवाह तत्काळ तोडणारा आरसीसीबी एवढा बंदोबस्त परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावा, आणि एक्स्टेंशनच्या तारा तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडण्याचा मार्ग कदापि पत्करू नये, कारण तास न् तास वाहणारा मोठा प्रवाह हलक्या तारेला वितळवितो. घराचा मंजूर भार अपुरा असल्यास तो वाढवून घेण्याचा अर्ज आधी द्यावा.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांना याशिवाय समितीची अनुमती, मीटरखोलीपासून वाहनतळापर्यंत तार नेण्याची वाट आणि वापरलेल्या विजेचा चोख हिशेब ही सारी कामे पार पाडावी लागतात. केंद्र सरकारने २०१९ साली आदर्श बांधकाम उपविधींत दुरुस्ती करून नव्या इमारतींतील वाहनतळाच्या वीस टक्के जागांसाठी चार्जिंगची तजवीज सुचविली. पण जुन्या इमारतींत ही सोय सभासदांच्या सामंजस्यावरच अवलंबून आहे. स्वतःची निश्चित जागा ज्यांना नाही, गाडी जे रस्त्याच्या कडेला लावतात, त्यांनी विजेची मोटार घेण्याची घाई करू नये. सार्वजनिक केंद्रावर रांगेत उभे राहून गाडी भरण्यात तिच्या सोयीचा मुख्य भागच नाहीसा होतो.

आता जमाखर्च. वर्षाला ९ हजार किलोमीटर चालणारी लहान पेट्रोलची गाडी शहरात लिटरला १४ किलोमीटर गेली आणि पेट्रोल १०० रुपये धरले, तर इंधनाला सुमारे ६४ हजार रुपये लागतात. विजेची गाडी, भरतानाची गळती जमेस धरून, युनिटला सात किलोमीटर गेली आणि वीज १२ रुपये धरली, तर तोच खर्च साडेपंधरा हजारांच्या आसपास येतो. म्हणजे बचत जवळजवळ पन्नास हजारांची, आणि किमतीतील फरक तीन लाख असल्यास तो सहा वर्षांत फिटतो. मात्र तीच गाडी वर्षाला ३ हजार किलोमीटरच चालली तर तेवढी भरपाई होण्यास अठराएक वर्षे लागतील. किफायत ही गाडीत नसून तिच्या वापरात आहे. आणखी एक दक्षता: महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनी चढत जातो, आणि गाडीमुळे महिन्याला शंभरएक युनिटे वाढली की घर वरच्या टप्प्यात जाऊ शकते. म्हणून हिशेब स्वतःच्या बिलातील सर्वांत वरच्या दराने करावा. वस्तू व सेवा कर विजेच्या गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के आहे, याचा लाभ किमतीत मिळतोच.

पर्यावरणाच्या बाबतीतही सत्य मोजूनमापूनच सांगितले पाहिजे. चंद्रपूर आणि कोराडी येथील भट्ट्यांत कोळसा जळतो तोवर विजेच्या गाडीला निष्कलंक म्हणता येणार नाही. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड निघतो, म्हणजे वर धरलेल्या गाडीचा किलोमीटरला सुमारे १६५ ग्रॅम. आपल्या देशातील विजेच्या एका युनिटामागे ७०० ग्रॅमच्या आसपास निघतो, म्हणजे किलोमीटरला सुमारे १००, आणि तारांतील गळती धरल्यास थोडा अधिक. बॅटरी बनविताना होणारे प्रदूषण त्यात मिळवावे लागते. फरक उरतो तो खरा आहे, पण फार मोठा नाही. मात्र गल्लीत, शाळेच्या फाटकाशी, मुलांच्या नाकाच्या उंचीवर सुटणारा धूर पूर्णपणे थांबतो, हा लाभ मोठा आहे. आणि घराच्या गच्चीवर तीन किलोवॉटचे सौर संच असतील, तर ते सरासरीने दिवसाला बाराएक युनिटे देतात. रोजच्या ३० किलोमीटरला त्यांपैकी चारसाडेचार पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत अशा संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, तेव्हा गाडी आणि गच्ची यांचा विचार एकत्रच करणे श्रेयस्कर.

सर्व बाजू पाहिल्यावर एक गोष्ट मनात दृढ होते. दिमाख आणि किंमत पहिल्या गाडीकडे असली, तरी घराच्या दैनंदिन जीवनाचा भार फेऱ्यांच्या हिशेबाने दुसरी गाडीच उचलते, आणि तो भार उचलण्यास लहान विजेच्या गाडीइतकी योग्य गाडी आज दुसरी नाही. पण ज्या घराचे बसने, मेट्रोने वा दुचाकीने निभते त्याने ती घेऊच नये, कारण विजेवर चालणारी मोटारही रस्त्यावरची जागा इतर मोटारींइतकीच अडविते. ज्याला खरोखर गरज आहे त्याने महिनाभराचे आपले रोजचे अंतर टिपून ठेवावे, वायरमनला बोलावून तारा तपासून घ्याव्यात, आणि मगच दुकानाची पायरी चढावी. आणि संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वाहनतळात चार्जिंगसाठी तारा टाकण्याचा ठराव येईल तेव्हा ज्याला अशी गाडी घ्यावयाची नाही त्या सभासदानेही त्यास पाठिंबा द्यावा: एकेकट्याने ओढलेल्या वाकड्यातिकड्या तारांपेक्षा सर्वांनी मिळून, वीज अभियंत्याच्या सल्ल्याने केलेली एक व्यवस्था अधिक स्वस्त पडते, अधिक सुरक्षित असते, आणि त्याच इमारतीत वाढणाऱ्या पुढील पिढीच्या उपयोगी पडते.