मुंबईतील रात्रीचे रंजन व प्रयोगजीवी कला

मुंबई शहरात सूर्यास्तानंतर प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष सादर होणारे नाट्य, संगीत, नृत्य व लोककला यांचे प्रयोग आणि त्यांना आश्रय देणारी नाट्यगृहे, तमाशागृहे, बैठका, उपाहारगृहे इत्यादींचा समग्र व्यवहार. दिवसा गिरणी, गोदी, कचेरी वा पेढी यांत राबणाऱ्या माणसाला रात्रच मोकळी असल्यामुळे या शहरातील रंजन प्रामुख्याने रात्रीचे राहिले. त्याचे स्वरूप मात्र केवळ लोकरुचीने ठरलेले नाही. कामाच्या पाळ्या, प्रवासाची साधने, जागेचे मूल्य आणि परवान्याचे नियम या चार गोष्टींनी कोणती कला कोठे, किती वाजेपर्यंत व कोणापुढे सादर होईल, हे बव्हंशी ठरविले. कलावंतांच्या उपजीविकेचे चढउतारही त्यांच्याशीच निगडित आहेत.

नाट्यगृहांचा उदय : मुंबईतील पहिले नाट्यगृह १७७६ मध्ये कोटातील ‘बाँबे ग्रीन’ या मोकळ्या मैदानावर उभे राहिले. त्याचा प्रेक्षकवर्ग मुख्यतः यूरोपीय होता. एतद्देशीय प्रेक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले ते कोटाबाहेरील ग्रँट रोड थिएटर. जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर ते १८४६ मध्ये सुरू झाले. १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या सांगलीकर मंडळीने मुंबईत प्रयोग केले आणि त्याच वर्षी ग्रँट रोड थिएटरात पारशी नाटक मंडळीनेही पदार्पण केले. पुढे या परिसरात एकामागून एक नाट्यगृहे बांधली गेली. ‘प्ले हाऊस’ या इंग्रजी शब्दाचा लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ असा अपभ्रंश होऊन तेच या वस्तीचे नाव पडले. १८६५ मध्ये शहरातील रस्त्यांवर गॅसचे दिवे आले व १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. रात्री घराबाहेर पडणे त्यामुळे सुकर झाले आणि दूरच्या वस्तीतील प्रेक्षकही नाटकांना येऊ लागला.

या नाट्यगृहांत मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी नाटके होत. कोकणी ‘तियात्र’ या नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोगही गोव्यात न होता १८९२ मध्ये मुंबईतच झाला. त्याचा प्रेक्षक म्हणजे पोटासाठी मुंबईत आलेला व गावकऱ्यांच्या सामाईक ‘कूड’ या निवासात राहणारा गोमंतकीय. मराठी संगीत नाटक रात्री उशिरा सुरू होऊन ‘वन्समोअर’च्या आग्रहामुळे पहाटेपर्यंत लांबे. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत केलेला मानापमान नाटकाचा संयुक्त प्रयोग हा या रंगभूमीच्या वैभवाचा परमोच्च बिंदू मानला जातो. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. बोलपटांच्या लाटेत अनेक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. एका रात्री एकच खेळ करणाऱ्या मंडळीला दिवसातून अनेक खेळ दाखविणाऱ्या यंत्राशी भाड्याच्या बाबतीत स्पर्धा करणे शक्य नव्हते.

गिरणगाव : १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. त्यानंतरच्या काळात परळ, लालबाग, शिवडी, वरळी व भायखळा या भागांत कामगारांची दाट वस्ती वाढली. कोकण व घाट येथून आलेले पुरुष बहुधा एकटेच राहत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या लोकांना गावाशी जोडून ठेवणारा दुवा म्हणजे गावचीच कला होय. कोकणातून दशावतार व नमन-खेळे, घाटावरून तमाशा आणि दोन्हीकडून भजन मुंबईत आले. गावच्या जत्रेत रात्रभर चालणारा तमाशा मात्र शहरात तिकीट लावून, बंदिस्त जागेत व ठराविक वेळेत होऊ लागला. लालबागचे हनुमान थिएटर हे त्याचे नामांकित केंद्र होते. परळ येथे सोशल सर्व्हिस लीगने उभारलेले दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगार रंगभूमीचे माहेरघर बनले. दिवसपाळी संपवून तालीम करणारे हौशी कामगार-नट गावची शाळा वा मंदिर यांच्या मदतीसाठी तेथे प्रयोग लावीत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या लाल बावटा कलापथकाने तमाशाच्या घाटात कामगारांचे प्रश्न मांडले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी मोठी लोकजागृती केली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या. येथे कलेची लोकप्रियता ओसरली असे म्हणण्यापेक्षा तिचा प्रेक्षकच विखुरला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. हनुमान थिएटर बंद पडले. दामोदर नाट्यगृहही पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये बंद करण्यात आले. गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये, दुकाने व मद्यगृहे आली. लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. अशा जागांना मिळणारे परवाने व तेथील अग्निसुरक्षा यांची चर्चा त्यानंतर ऐरणीवर आली.

बैठका व वाद्यवृंद : अभिजात संगीताचा रात्रीचा व्यवहार गिरगाव, गावदेवी व ऑपेरा हाऊस या परिसरात एकवटला होता. सार्वजनिक गणेशोत्सवातील रात्रभराच्या मैफली आणि धनिकांच्या घरच्या बैठका ही गायकांच्या उत्पन्नाची साधने होती. अल्लादियाखाँ यांचे उत्तरायुष्य मुंबईत गेले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या मूळच्या गोमंतकीय गायिकांना येथेच कीर्ती लाभली. केनेडी पुलालगतच्या वस्तीत गाणे-नाचणे करणाऱ्या व्यावसायिक स्त्रियांचे मुजरे होत. त्यांच्यापैकी पुष्कळांना मात्र प्रतिष्ठित सभागृहांची दारे बंदच राहिली.

मोठ्या हॉटेलांत पाश्चात्त्य वाद्यवृंदांची प्रथा होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वृंद ताजमहाल हॉटेलात आला आणि जॅझ संगीताने मूळ धरले. चिक चॉकलेट (आंतोनियो शाविएर वाझ) व फ्रँक फर्नांड यांसारख्या गोमंतकीय वादकांनी ते आत्मसात केले. चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत १९५० ते १९७० च्या दरम्यान असे वृंद नियमाने वाजवीत. पाश्चात्त्य स्वरलेखन अवगत असल्यामुळे या वादकांना चित्रपटसंगीतात मागणी होती. अनेक वादक दिवसा ध्वनिमुद्रण व रात्री हॉटेल, असे दुहेरी काम करीत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रात्रीच्या उपाहारगृहांचे उत्पन्न घटले. पुढे ध्वनिमुद्रित संगीतावर नाचण्याची प्रथा रूढ झाल्यावर कायमच्या वृंदांची गरज उरली नाही.

कायदा व परवाने : नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १८७६ मध्ये झाला. महाराष्ट्रातील रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ १९५४ पासून संहितांची तपासणी करते. विजय तेंडुलकरांच्या सखाराम बाइंडर (१९७२) या नाटकावरील बंदीविरुद्ध दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली व निकाल त्यांच्या बाजूने लागला. करमणुकीच्या जागांचे परवाने व वेळा यांचे नियमन १९५१ च्या पोलीस अधिनियमानुसार होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रहिवाशांना यामुळे शांतता लाभली, तथापि उत्तररात्रीचे राग उघड्या मंडपातून जवळजवळ नाहीसे झाले.

नृत्य-मद्यगृहांचे (डान्स बार) प्रकरण याहून गंभीर ठरले. २००५ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून त्यांतील नृत्यास बंदी घालण्यात आली. तारांकित हॉटेलांना मात्र त्यातून वगळण्यात आले. हजारो स्त्रियांची रोजी त्यामुळे एकाएकी बुडाली. स्त्रियांची प्रतिष्ठा व शोषणास प्रतिबंध ही शासनाची भूमिका होती; तर उपजीविकेचा हक्क व समानता हा विरोधी पक्ष होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरविली व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. २०१६ च्या नव्या कायद्यातील अनेक जाचक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रद्द केल्या. सायंकाळी ६ ते रात्री ११·३० ही मर्यादा आणि पैसे उधळण्यास मनाई मात्र कायम ठेवली.

आधुनिक काळ : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाट्यव्यवहार दादर व उपनगरांकडे सरकला. दादरचे शिवाजी मंदिर हे व्यावसायिक मराठी रंगभूमीचे मुख्य केंद्र बनले. त्याच भागातील छबिलदास शाळेत १९७४ पासून प्रायोगिक नाटकांची चळवळ चालली. जुहू येथे पृथ्वी थिएटर १९७८ मध्ये व नरिमन पॉइंट येथे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचे टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झाले. दूर उपनगरांत राहणाऱ्या प्रेक्षकाला शेवटची लोकलगाडी गाठावयाची असते. रात्रभर चालणारे नाटक आज दोन अंकांचे व सुमारे अडीच तासांचे झाले आहे, त्यामागील एक प्रमुख कारण हेच होय. रंगमंचामागे काम करणाऱ्यांना प्रयोगानंतर नेपथ्य आवरावे लागत असल्याने ती गाडी बहुधा त्यांच्या हाती लागत नाही.

१९९३ मध्ये बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊस जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले. जानेवारी २०२० मध्ये राज्य शासनाने अनिवासी भागांतील दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्याचे धोरण मंजूर केले. मद्यविक्रीच्या वेळेत त्यामुळे बदल झाला नाही. दोनच महिन्यांत करोना महासाथीने सर्व प्रेक्षागृहे बंद पडली. दुसऱ्या लाटेनंतर ती २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या आसनक्षमतेने उघडली. या बंदच्या काळात दैनंदिन ‘नाइट’ म्हणजे प्रयोगागणिक मानधनावर जगणाऱ्या कलावंत व तंत्रज्ञांची सर्वाधिक ओढाताण झाली. नियमित वेतन, विमा व निवृत्तिवेतन यांचा लाभ त्यांतील फार थोड्यांना मिळतो.