घोळ : सरीतली आणि ताटातली



सुरू उसाला दोन-तीन पाणी झाली आणि ऊन तापू लागले की सरीत तांबूस देठाचे, जाड गुळगुळीत पानांचे एक तण जमिनीलगत पसरते. ती घोळ. तिची वेगळी ओळख नको. डाळ घालून केलेली आंबटसर भाजी आपण सर्वांनीच खाल्ली आहे. बारीक पानांची चिवळ ही तिचीच धाकटी बहीण.

उसाला पहिले तीन-चार महिने तण सोसत नाही. ऐन फुटव्याच्या वेळी खत-पाण्याचा वाटा तणाला जातो. म्हणून भांगलण आलीच. पण घोळीच्या बाबतीत एक चूक हमखास होते, आणि नोकरीच्या सुरुवातीला ती मीच एका सभासदाला करायला लावली होती. उपटलेली घोळ सरीतच टाका, कुजून खत होईल, असे सांगून आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी दिले. आठवड्याने जाऊन पाहतो तो निम्मी घोळ मुळ्या धरून पुन्हा ताजी! मालक नुसते हसले. चहा मात्र पाजला.

तिच्या खोडा-पानांत पाणी भरलेले असते, त्यामुळे उपटली तरी कित्येक दिवस ती मरत नाही. तुकड्याला ओल लागली की मुळ्या फुटतात. फूल येऊन गेले असेल तर उपटलेल्या झाडावरही बी पिकते. बोंडाचे टोपण निघते आणि बारीक काळे बी सांडते, एका झाडाचे हजारोंनी. ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. तेव्हा पिवळे फूल दिसायच्या आत वाफशावर भांगला, पाटीत भरा आणि रानाबाहेर कडक उन्हात वाळवा.

आता जे सांगायला हा लेख लिहिला ते. भांगलणीच्या बाया सांजच्याला ओटीत घोळ बांधून नेतात. भाजी चांगलीच आहे (मूतखडा असणाऱ्याने बेताने खावी). पण अलीकडे बऱ्याच प्लॉटवर अॅट्राझीन, टू-फोर-डी मारलेले असते. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणाला मारते, उसाला नाही. फवारा बसलेली घोळही लगेच जळत नाही, सुरुवातीला हिरवीच दिसते. बाईला कळावे कसे? औषध पानात मुरते, धुऊन जात नाही. फवारलेल्या प्लॉटच्या तोंडाशी काठीला लाल फडके बांधा आणि बायांना तोंडीही सांगा, “यातली भाजी नेऊ नका.” शेजारच्या रानात फवारणी असेल तर आपल्या बांधाकडच्या सऱ्यांतलीही नको.

— ऊस विकास अधिकारी