जुना संगणक बोलता करताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी मोटार जपणाऱ्याला आपण शौकीन म्हणतो. जुना ग्रामोफोन दुरुस्त करून वाजवणाऱ्याकडे कौतुकानं बघतो. पण तीस वर्षांपूर्वीचा संगणक कुणी घरी आणला आणि स्क्रू काढून त्याच्यापुढे बसला, तर शेजारी विचारतात, "हे कशाला आणलंत घरात?" संगणक जुना झाला की भंगारात जायचा, हे आपण धरूनच चाललो आहोत. भंगारवाला तो किलोवर घेतो. त्यात काय साठवलेलं होतं, याची चौकशी तोही करत नाही आणि आपणही करत नाही.

तरीही असे संगणक शोधून आणून ते पुन्हा चालू करण्याचा छंद जगभर बऱ्याच जणांना आहे. मलाही आहे. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. इलेक्ट्रॉनिक्स मी कॉलेजात शिकलो नाही. जे काही येतं ते रत्नागिरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका मित्राच्या दुकानातल्या स्टुलावर बसून आलं. या छंदात नेमकं करायचं काय असतं, आणि तो नुसता छंद का नाही, हे आज सांगायचं आहे.

जुना संगणक म्हणजे किती जुना? १९८२ साली इंग्लंडमध्ये 'सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा छोटा संगणक निघाला. रबराच्या बटणांचा, पाटीएवढा. त्याला पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि माहिती साठवायला साधा कॅसेट रेकॉर्डर. भारतातही १९८८ मध्ये तो परवान्यानं तयार होऊन विकला गेला. त्याची कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावली तर किरकिर, चिरचिर असा आवाज येई. तो आवाज हाच प्रोग्रॅम. रेडिओच्या श्रोत्यांना एक गंमत सांगतो. १९८०च्या दशकात नेदरलँड्सच्या रेडिओवरून असे प्रोग्रॅम चक्क प्रसारित होत. लोक घरी ती किरकिर टेप करून घेत आणि संगणकाला ऐकवत. आपल्याकडे १९८४ साली शाळांना संगणक देण्याची 'क्लास' नावाची सरकारी योजना आली. त्यात बीबीसी मायक्रो जातीचे संगणक होते. त्यानंतर २८६, ३८६, ४८६ असे आकडी नावांचे संगणक आले आणि कचेऱ्या, बँका, छापखाने यांत शिरले. आज माळ्यांवर आणि गोदामांत पडलेले असतात ते बहुधा हे शेवटचे.

याहूनही मागे गेलं तर 'टिफ्रॅक'चं नाव घ्यावं लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला हा संगणक १९६० साली पूर्ण झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असत तसे. आणि एवढ्या कपाटभर यंत्राची स्मरणशक्ती किती? आजच्या हिशेबानं १० किलोबाइट. आज आपण मोबाइलवर लिहितो त्या पद्धतीनं मराठी मजकूर त्यात भरला, तर दोन पानांत जागा संपेल.

परदेशात अशी यंत्रं पुन्हा चालू करण्यासाठी मंडळींनी वर्षानुवर्षं खर्ची घातली आहेत. इंग्लंडमधला १९५१ सालचा 'हार्वेल डेकाट्रॉन' २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणारं 'कोलोसस' हे यंत्र तर युद्धानंतर मोडून टाकण्यात आलं होतं, आराखडेही नष्ट केले होते. टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून काही उरलेली छायाचित्रं आणि म्हाताऱ्या इंजिनिअरांच्या आठवणी यांच्या आधारे ते नव्यानं बांधायला घेतलं. २००७ मध्ये ते काम पुरं झालं. आठवणी सांगणारी माणसं हयात होती, म्हणून ते जमलं.

आता आपल्या कोकणात येऊ. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल असते. उरलेल्या आठ महिन्यांत समुद्राची खारी हवा असतेच. या हवेत सायकलची चेन टिकत नाही, तिथे संगणकाची काय कथा? त्यामुळे इथे जुना संगणक मिळाला की पहिला नियम असा, की तो लगेच प्लगला लावायचा नाही. आधी उघडायचा. आतली कोळ्याची जाळी, झुरळांची विष्ठा, कधी उंदराचं घरटं, हे मऊ ब्रशनं साफ करायचं.

मग बॅटरी बघायची. संगणक बंद असतानाही त्याचं घड्याळ चालावं, म्हणून मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक छोटी बॅटरी असते. १९९०च्या सुमाराच्या यंत्रांत ती बहुधा निकेल-कॅडमियमची, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली असते. पडून राहिली की ती पाझरते. तिच्यातला क्षार पाटीवरच्या तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतो. तिथे हिरवट पापुद्रा धरलेला दिसतो. ती बॅटरी कापून काढायची. क्षार मारायला आंबट लागतं, म्हणून थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसानं लावायचा, डिस्टिल्ड वॉटरनं धुवायचं आणि शेवटी स्पिरिटसारखं उडून जाणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून वाळू द्यायचं. एखादी रेघ तुटलीच असेल तर केसासारखी तार घेऊन दोन टोकं डाख देऊन जोडायची. माझी नजर आता पन्नाशीनंतरची, त्यामुळे हे काम भिंगाशिवाय होत नाही.

त्यानंतर वीजपुरवठ्याचा डबा. यात मात्र खेळ नको. त्यातले मोठे कपॅसिटर तीनशे व्होल्टपर्यंत भार धरून ठेवतात, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये तर हजारो व्होल्ट असतात. तो जाणकाराशिवाय कुणीही उघडू नये. पहिल्यांदा वीज देताना माझा मित्र मध्ये साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. जुन्या वायरमनांची ही युक्ती संगणकालाही लागू पडते.

कार्डांचे पितळी रंगाचे दात काळवंडलेले असतात. ते शाळेतल्या खोडरबरानं हलके घासले तरी निम्मी दुखणी जातात. एवढं करून यंत्र सुरू झालं, की ते पडद्यावर सांगतं की मला काहीच आठवत नाही. बॅटरी गेल्यामुळे आपल्याला जोडलेली हार्ड डिस्क कुठल्या जातीची आहे, हेही ते विसरलेलं असतं. डिस्कच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर तीन आकडे असतात. ते हातानं भरले की त्याला ओळख पटते. मग घरघर सुरू होते आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कशासाठी? मौज म्हणून कराल तर करा. माझ्यापुढे मात्र एक कारण उभं होतं.

१९९३-९४च्या सुमाराला मी राजिवडा, कर्ला, साखरतर या बाजूंच्या आमच्या मुसलमान घरांतल्या वयस्क बायकांकडून लग्नाची गाणी उतरवून घेतली होती. हळदीची, मेंदीची, व्याह्यांची थट्टा करणारी. ती आमच्या कोकणी बोलीतली. मुसलमानांची भाषा म्हणजे उर्दूच, असं समजणाऱ्यांना ती ऐकवावीत अशी. सव्वाशेच्या आसपास गाणी झाली. एका छापखान्यात ती संगणकावर जुळवली गेली, मुद्रितं तपासून झाली, पण पैशांअभावी पुस्तक निघालं नाही. पुढे एका पावसाळ्यात माळ्यावरच्या माझ्या वह्यांना वाळवी लागली. मुद्रितंही त्याच गठ्ठ्यात होती. गाणाऱ्या बहुतेक जणी तोवर अल्लाघरी गेल्या होत्या. उरल्या होत्या सहा फ्लॉप्या. दोन मोठ्या, म्हणजे सव्वापाच इंचांच्या, आणि चार लहान साडेतीन इंचांच्या.

फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवर लोहाच्या संयुगाचा थर. त्यावर चुंबकानं अक्षरं लिहिलेली असतात. लहान फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावतं. म्हणजे मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटोही त्यात बसायचा नाही. कोकणात तिला बुरशी लागते. बुरशी लागलेली फ्लॉपी यंत्रात घातली तर वाचणाऱ्या हेडला घाण चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पडतात. म्हणून आधी चकती उजेडात धरून बघायची, अल्कोहोलनं हलकी पुसायची, प्रत्येक फेरीनंतर हेड साफ करायचं. चुकून वर काही लिहिलं जाऊ नये म्हणून लहान फ्लॉपीची खिडकी उघडी ठेवायची आणि मोठ्या फ्लॉपीची खाच चिकटपट्टीनं बंद करायची. दोन्हींचे नियम उलटे आहेत, हे ध्यानात ठेवावं. आणि फ्लॉपी वाचली गेली की पहिलं काम म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल करून घेणं. दुसऱ्या वेळी ती वाचली जाईलच असं नाही.

लहान फ्लॉपी वाचायला यूएसबीचं यंत्र मिळतं. मोठीला मात्र जुनाच ड्राइव्ह लागतो. पण खरी अडचण त्यापुढची होती. त्या काळात मराठी अक्षरांना संगणकात ठरलेले क्रमांक होते, पण ते सगळे पाळत नसत. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ साली मानक म्हणून आलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छापखान्यांत चालणाऱ्या मराठी फाँटांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. इंग्रजीसाठी केलेल्या २५६ खणांत कुणी इथे अर्धा 'क' ठेवला, कुणी तिथे काना. म्हणून एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसतो. अक्षर हरवलेलं नसतं. कुठल्या खणात काय होतं, ती यादी हरवलेली असते.

ती यादी त्या छापखान्याच्या संगणकात होती. छापखाना बंद झाला होता, पण मालकाच्या मुलानं ४८६ जातीचं ते यंत्र गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. त्याच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी काडेपेटीएवढी एक डबी खोचलेली होती. पुष्कळ महागडी सॉफ्टवेअरं तेव्हा अशा डबीच्या कुलपात असत. ती डबी नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही. मुलानं ती फेकली नाही, हे त्याचे उपकार.

२०१६च्या उन्हाळ्यात दोन महिने खपून आम्ही ते यंत्र चालू केलं. फाँटातला एकेक खण छापून घेतला, त्यासमोर आजचं युनिकोड अक्षर लिहिलं आणि मित्राच्या मुलीनं त्यावरून बदल करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यातही खाचाखोचा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलट. ते सगळं जागेवर बसवलं. सहापैकी चार फ्लॉप्या पूर्ण वाचल्या, एक अर्धी, एक अजिबात नाही. १०४ गाणी हाती आली. बाकीची वीसएक गेली. त्यांतल्या दोनतीन मला तुटक आठवतात, पण तुटक आठवणं म्हणजे गाणं नव्हे.

कुणी विचारतं, जुन्या संगणकाची नक्कल करणारे प्रोग्रॅम आज फुकट मिळतात, मग खोकं कशाला हवं? प्रश्न बरोबर आहे. जुने खेळ खेळायला, जुनी पत्रं वाचायला तेवढं पुरतं. पण फ्लॉपीतला मजकूर बाहेर काढायला खरा ड्राइव्ह लागतो, आणि कुलपाची डबी खोचायला खरी खोबण. एकदा मजकूर बाहेर आला की मग यंत्राला निवृत्त करायला हरकत नाही.

आपल्याकडे १९९० ते २००५ या काळात किती दिवाळी अंक, स्मरणिका, ग्रामपंचायतींचे इतिहास, कवितासंग्रह अशा फाँटांत जुळवले गेले असतील! लेखक गेले, छापखाने गेले. फ्लॉप्या बनवणंही थांबत गेलं. सोनीसारख्या मोठ्या कंपनीनं २०११ मध्ये त्यांची विक्री बंद केली. चुंबकाचा थर दरवर्षी थोडा थोडा क्षीण होतो, म्हणून हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही.

तेव्हा एवढंच करा. घरातलं कपाट, शाळेचं गोदाम, बंद पडलेला छापखाना इथे जुना संगणक किंवा फ्लॉप्या सापडल्या, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. संगणक चालू करून बघण्याचा मोह टाळा. फ्लॉप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता कोरड्या पत्र्याच्या डब्यात, उभ्या ठेवा. स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा. पाठीमागे खोचलेली डबी, चिठ्ठी, मॅन्युअल, काहीही वेगळं करू नका. आणि ज्यांनी तो मजकूर जुळवला त्या कंपोझिटरला, मालकाला किंवा लेखकाच्या घरच्यांना आजच फोन करा. कुठला फाँट होता, हे त्यांना अजून आठवत असेल.