सहा फुटी भिंतीचा हिशेब

शिकागो शहरात डिअरबॉर्न आणि जॅक्सन रस्त्यांच्या नाक्यावर मोनॅडनॉक नावाची जुनी वीटबंद इमारत आहे. बांधणारे पीटर आणि शेफर्ड ब्रुक्स हे भाऊ बोस्टनचे. शिकागोतला कारभार त्यांचा मुखत्यार ओवेन ऑल्डिस पाहत असे. पीटरसाहेबांचा हुकूम साफ होता: नक्षीकाम नको. बाहेर आलेल्या कडेवर धूळ साचते, पाखरे बसतात आणि साफसफाईचा खर्च मालकाच्या माथी येतो! वास्तुकार बर्नहॅम आणि रूट यांनी मग सपाट भिंतींची सोळा मजली इमारत १८९१ साली उभी केली.

एवढी उंची विटांवर पेलायची म्हणून तळाची भिंत सहा फूट जाड. आपल्यासारख्या गाळेवाल्याला यातले नुकसान लगेच कळेल. सर्वांत महाग जागा रस्त्यालगतची, आणि तिथेच भिंतीने भाड्याची जागा गिळली. शिवाय खालची माती मऊ. इमारत आठ इंच खचेल असे धरले होते, ती पुढे सुमारे वीस इंच खचली.

१८९३ साली दक्षिणेचा भाग जोडला तेव्हा भार पोलादी सांगाड्यावर टाकला. भिंती पातळ झाल्या, खर्च घटला, भाड्याची जागा वाढली. मात्र पूर्ण इमारतीचे चार भाग, चार नावे, आणि प्रत्येकाचे जिने वेगळे ठेवले. उद्या वाटणी किंवा विक्रीची पाळी आली तर अडचण नको. ही तजवीज मला त्या भिंतींपेक्षा मोठी वाटते.

पुढे नव्या इमारतींशी चढाओढ लागली. १९३८ साली आधुनिकीकरण झाले आणि जुन्या मोझेक फरशीवर रबरी लाद्या बसल्या. भाडेकरू टिकवायला ते गरजेचे असेलही, पण अस्सल माल झाकून नकली माल दाखवण्याचाच तो प्रकार. १९६६ साली इमारत ब्रुक्स घराण्याच्या हातून गेली. १९७९ साली विल्यम डॉनेल आणि भागीदारांनी ती घेतली आणि झाकलेले पुन्हा उघडायला सुरुवात केली. हे काम एका दमात झाले नाही, वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने चालले. फरशी आणि अॅल्युमिनियमचे जुने जिने पुन्हा उजळले. बांधकामात अॅल्युमिनियम वापरण्याचे ते अगदी आरंभीचे उदाहरण.

२००७ साली मालक पुन्हा बदलले. वरच्या मजल्यांवर कचेऱ्या आणि तळमजल्यावर छोटी दुकाने, हा धंदा मात्र तोच राहिला.